कुत्र्याला जू लावणार का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी कन्नड तालुक्यातला. वय २७. हॉटेल मॅनेजमेंट झाल्यावर मागचे दोन हिवाळे नॉर्वेत ट्रॉम्सोजवळच्या एका हस्की फार्मवर काम केलं. पाहुण्यांना कुत्र्यांच्या स्लेजवर (बर्फावरच्या गाडीवर) डोंगरात फिरवून आणायचं आणि कुत्र्यांचं खाणंपिणं बघायचं, असं काम होतं. आता गावी आलोय आणि इथंच काहीतरी करायचं मनात आहे. साडेचार एकर वावर गौताळा अभयारण्याच्या डोंगराला लागून आहे. वेरूळ तासाभरावर. पुण्यातले एक गृहस्थ त्यांची सहा हस्की फुकट द्यायला तयार आहेत. बर्फ नसला तरी चाकाची गाडी चालते, तिकडेही बर्फ पडायच्या आधी तशीच प्रॅक्टिस घेतात. गाडी इथला फॅब्रिकेशनवाला करून देतो म्हणालाय. पाहुण्यामागे १,२०० रुपये धरलेत. उन्हाळ्यात शेडला कूलर लावीन. पण आबा (माझे वडील) ऐकूनच घेत नाहीत. 'कुत्र्याला जू लावणार का?' एवढंच म्हणतात आणि उठून जातात. हस्की नाहीच जमली तर लातूरकडच्या जानवळहून पश्मी किंवा कारवानी ही देशी कुत्री आणून जुंपता येतील का? पुढच्या रविवारी कुत्री आणायला जायचंय. करू की नको, स्पष्ट सांगा.

– डोंगरकडेचा, कन्नड

उत्तर

तुझं वय माझ्या धाकट्या पुतण्याएवढं, म्हणून 'तू' म्हणतो. राग मानू नकोस.

नको. रविवारी पुण्याला जाऊ नकोस.

स्पष्ट सांगा म्हणालास म्हणून आधी एवढं सांगून टाकलं. आता कारणं. आणि हेही आधीच सांगतो, की मी आबांच्या बाजूचा नाही. त्यांच्या प्रश्नातली एक गोष्ट मला मान्य नाही. कुत्र्यानं ओढणं म्हणजे कुत्र्यावर जुलूम, असं त्यांना वाटत असावं. आपल्याकडं जू म्हटलं की खांद्याला पडलेला घट्टा आणि हातातला आसूड डोळ्यांपुढं येतो. पण स्लेजची कुत्री ही वेगळी जात आहे, जशी खिल्लार वेगळी आणि आपली देवणी वेगळी. सायबेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या चुकची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेलं हे कुत्रं वजनाला फार तर २५-२७ किलोचं, पण ओढणं त्याच्या रक्तात आहे. त्याला जू नसतं, मऊ पट्ट्यांचा हार्नेस असतो. ओढ छातीवर आणि खांद्यांवर येते, गळ्यावर येत नाही, आणि दोर शेपटीकडून मागं निघतो. तू हे रोज केलंयस, मी फक्त वाचकांसाठी लिहितोय.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तू निघण्याआधीच्या पाच मिनिटांचं जे वर्णन केलंयस, ते मी आमच्या घरी वाचून दाखवलं. कुत्री हार्नेसमध्ये घातली की उड्या, विव्हळणं, दोराला हिसके, शेजारच्याचा कान चावणं. पाहुणे घाबरतात, ही चिडलीत की काय म्हणून. मग बर्फात रुतवलेला आकडा उपसला, ब्रेकवरचा पाय काढला, की एकदम शांतता. फक्त बर्फावर घासणाऱ्या पट्ट्यांचा आवाज आणि श्वास. (आणि पळता पळता केलेल्या शीचा वास, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस. जाहिरातीच्या व्हिडिओत तो येत नाही.)

आमच्या लहानपणी भारी जमीन फोडायला लोखंडी नांगराला तीन-तीन, चार-चार जोड्या लावत. नांगराजवळच्या जोडीला ताकद लागे आणि सगळ्यात पुढच्या जोडीला अक्कल. तुझ्या स्लेजचं तेच गणित दिसतं. पुढची दोन वाट ओळखणारी, 'जी' म्हटलं की उजवीकडं, 'हॉ' म्हटलं की डावीकडं वळणारी. स्लेजजवळची दोन दणकट, वळणावर झटका सोसणारी. ही जुळणी करायला तुला दोन हिवाळे लागले. हे शिक्षण वाया गेलं असं मी कुठंही म्हणणार नाही. पण ते जिथं शिकलास तिथली हवा तू बरोबर आणलेली नाहीस.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तळपायाला येतो, पण तो नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य रस्ता म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. पळताना स्नायूंतून जी उष्णता निघते ती ट्रॉम्सोच्या हवेत लगेच जाते. वर ती पळता पळता तोंडानं बर्फ उचलून खातात, हे तू पाहिलं असशीलच. इथं बाहेरची हवाच अंगाएवढी गरम असली, की धापा टाकून काही होत नाही. अंगातलं तापमान ४१च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एकेक करून कोसळायला लागते. थंड देशांत चाकाच्या गाडीवर सराव घेणारे जाणकार १५ अंशांच्या आसपासच हात आखडता घेतात. हवा दमट असली तर त्याच्याही आधी.

मी लातूरला जनावरांच्या दवाखान्यात असतानाची गोष्ट सांगतो. २०१६चा मे महिना. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं शहराला पाणी आलं तो. एक हस्की आणलं दवाखान्यात, तीन वर्षांचं, निळ्या डोळ्यांचं. मालक गरीब नव्हता आणि निर्दयही नव्हता. कुत्र्यासाठी खोलीत एसी होता. घरचे लग्नाला गेले, लाईट गेली, आणि कुत्रं बंद खोलीत चार तास राहिलं. शेजाऱ्यानं दार उघडलं तेव्हा ते उभं राहत नव्हतं. उन्हाळा म्हणून त्याचे केस आधीच बारीक कापून टाकलेले. हा आपल्याकडचा हमखास गैरसमज. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हालाही अडवतात. कापले की कातडी थेट उन्हात येते आणि केस परत नीट येतील याची खात्री नाही. शिवाय शेजाऱ्यानं काळजीपोटी त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलं. तो टॉवेल दहा मिनिटांत गरम होतो आणि गोधडीचं काम करतो.

थर्मामीटर ४२च्या पुढं. आम्ही टॉवेल काढून टाकला, पंखा लावला आणि अंगावर पाणी ओतलं. माठातलं, प्यायचं. दवाखान्याला त्या आठवड्यात तेवढंच पाणी मिळालं होतं. तीन घागरी गेल्या. बाहेर रस्त्यावर टँकरची रांग, बायका-पोरं घागरी घेऊन उभी, आणि आत आम्ही कुत्र्यावर पाणी ओततोय. कुणी काही बोललं नाही. एक बाई दारात येऊन बघून गेली, परत आली तेव्हा तिच्या हातात अर्धी कळशी होती. रात्री त्याला रक्ताची हगवण लागली आणि पहाटे ते गेलं.

म्हणून तुझं 'कूलर लावीन' हे वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कूलर पाण्यावर चालतो आणि लाईटीवर चालतो. एप्रिल-मेमध्ये तुझ्या वावरात यातलं काय खात्रीचं असतं, हे तू मला सांग.

बरं, उन्हाळा सोड. हिवाळ्याचंच बघू. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडं पहाटे पारा १०-१२ला येतो, थंडीची लाट असली तर त्याखालीही. पण साडेआठला ऊन चढतं आणि दुपारी २८-३०. म्हणजे हस्कीला गाडी ओढायला सोसेल अशी वेळ साधारण पहाटे सहा ते आठ, तीही दोनच महिने. आता वेरूळला येणारा पाहुणा आठवून बघ. तो संभाजीनगरच्या हॉटेलात नाश्ता करून दहाला लेण्यांपाशी उतरतो. मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून त्या दिवशी तो अजिंठ्याला जातो. पहाटे पाचला उठून कन्नडला येणारे किती? असतील, नाही असं नाही. पण सहा कुत्र्यांची एकच गाडी, मध्ये कुत्र्यांना विसावा, म्हणजे एका पहाटे दोन फेऱ्या, फेरीला एक पाहुणा. तुझेच १,२०० धरले आणि साठच्या साठ पहाटा भरल्या असं धरलं (भरणार नाहीत), तरी वर्षाचे होतात १,४४,०००.

आता खर्च. एका कुत्र्यामागं खाणं, जंतनाशक, लसी, गोचीडाचं औषध, सगळं मिळून दिवसाला दीडशे रुपये धर. हे मी हात आखडून धरतोय. सहा कुत्री, ३६५ दिवस: ३,२८,५००. यात तुझी मजुरी नाही, शेड नाही, कुंपण नाही, आजारपण नाही. हिशोब इथंच मोडतो. आणि तो मोडला की काय होतं, हे मला तुला खरं सांगायचंय. उन्हापेक्षाही मला त्याची भीती जास्त आहे.

पाहुणा तासाचे पैसे देतो. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. त्यातली गाडीला लावण्यासारखी वर्षं फार तर आठ. पाहुण्यानं न पाहिलेला जो काळ उरतो, त्याला कोण खाऊ घालतं यावर हा सगळा धंदा उभा आहे. तू नॉर्वेत हिवाळ्यात होतास. उन्हाळ्यात तिथं काय चालतं, म्हातारी कुत्री कुठं जातात, पाय गेलेलं कुत्रं काय करतात, यावर तुझ्या चार पानी पत्रात एक ओळ नाही. तुला दोष देत नाही. हंगामी माणसाला हंगामच दिसतो.

एक गोष्ट ऐक. जानेवारी १९२५मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. (हा माणसांचा, पोरांच्या घशात पडदा धरणारा. आपल्या जनावरांचा घटसर्प वेगळा.) औषध रेल्वेनं जिथवर पोचलं तिथून पुढं सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फ. वीस जणांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ते हातोहात साडेपाच दिवसांत पोचवलं. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्यानं पुढं राहून ओढला. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो गावात पोचला, म्हणून नाव त्याचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टोचा पुतळा उभा राहिला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं असं, की पुतळा उभा असताना जिवंत बाल्टो आणि त्याचे सोबती गावोगावच्या खेळात फिरवले गेले आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त तमाशाघरात बांधलेले सापडले, हाडं दिसत असलेले. क्लीव्हलँडच्या लोकांनी, शाळेतल्या पोरांनीसुद्धा, नाणी गोळा करून १९२७मध्ये त्यांना सोडवलं आणि आपल्या प्राणिसंग्रहालयात नेलं. १९३३ला बाल्टो तिथंच मेला. सगळ्या जगानं नाव घेतलेल्या कुत्र्याची ही गत दोन वर्षांत.

अलीकडचं पाहिजे तर कॅनडातलं आहे. २०१०ला व्हँकुव्हरचं हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथल्या डोंगरात पाहुण्यांना स्लेजवर फिरवणाऱ्या एका धंद्यात त्यानंतर मंदी आली आणि वसंत ऋतूत नको असलेली कुत्री मारून पुरली गेली. शंभर कुत्री मारल्याची बातमी पुढच्या वर्षी फुटली, ती मारणाऱ्या माणसानंच मानसिक त्रासाची भरपाई मागितली तेव्हा. उकरल्यावर ५६ कुत्र्यांचे अवशेष निघाले. ब्रिटिश कोलंबियानं त्यानंतर स्लेजच्या कुत्र्यांसाठी वेगळे नियम केले, २०१२मध्ये. तो कामगार राक्षस होता असं मला वाटत नाही. त्यानं ती कुत्री वाढवली होती, त्यांची नावं त्याला पाठ असणार.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. दुष्काळात दावणीचा बैल बाजारात नेताना आपली माणसं कशी चालतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. चारा छावणीत म्हाताऱ्या गायीची नोंद करायला आलेला शेतकरी तिच्या पाठीवरचा हात काढत नाही. पण बैलाला बाजार तरी आहे, छावणी आहे, कडबा उसना मिळतो. कन्नड तालुक्यात सहा हस्कींना उसना कडबा कोण देणार?

आता फुकटचं. पुण्याचे गृहस्थ सहा कुत्री फुकट का देतायत, हे विचारलंस का? सोसायटीत भुंकणं चालत नाही, फ्लॅटमध्ये दिवाणाचा कापूस निघतो, दिवसाचे दोन तास पळवायला कुणाला वेळ नाही, हे कारण असेल तर समजू शकतो. पण एका घरात सहा म्हटल्यावर मला पिल्लं विकण्याचा धंदा बसल्याचा वास येतो. तसं असेल तर ती एकमेकांच्या नात्यातली असतील, मागच्या पायाच्या खुब्यात दोष असू शकेल, डोळ्यांत असू शकेल. आणि ओढण्यासाठी निवडलेल्या घराण्यातली ती नक्कीच नाहीत, निळ्या डोळ्यांसाठी निवडलेली आहेत. तू ट्रॉम्सोला ज्यांना हार्नेस घातलास ती बहुतेक अलास्कन हस्की असणार. ती नोंदणीची जातसुद्धा नाही, कामासाठी जुळवत आणलेला संकर आहे. दोघांत फरक एवढा, जेवढा शंकरपटाच्या बैलात आणि पोळ्याच्या मातीच्या बैलात. नॉर्वेहून चांगली आणीन म्हणशील, तर २०१६पासून धंद्यासाठी कुत्री आयात करायला बंदी आहे.

बाकीच्या अडचणी भराभर सांगतो, कारण मुख्य ते झालं. गौताळ्यात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. आवाज करणारी सहा कुत्री म्हणजे त्याला जेवणाचं बोलावणं. उलट बाजूनंही धोका: कुत्र्यांतला डिस्टेंपर जंगली प्राण्यांत जातो. २०१८ला गीरमध्ये सिंह मेले त्यात हा विषाणू सापडला होता. गोचीड तापानं तर आपल्याकडं परदेशी कुत्री सटासट जातात. मुरमावर पंजे फाटतात. तिकीट लावून जनावराचा खेळ दाखवायचा तर १९६०च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तपासणीला येणारा माणूस 'फेरी आहे, खेळ नाही' हे ऐकून घेईलच असं नाही. बैलासाठीसुद्धा १९६५चे नियम आहेत बघ: पारा ३७च्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन गाडीला लावायचा नाही, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. बैल तर इथलाच, पाठीवर ऊन घेऊन जन्मलेला. त्याच्यासाठी ही अट, तर हस्कीचं काय ते तूच समज.

पश्मी-कारवानीचं विचारलंस. जानवळला मी बऱ्याचदा गेलोय, चाकूरची माणसं या कुत्र्यांवर पोटच्या पोरासारखा जीव लावतात. इथल्या उन्हाला ती सरावलेली आहेत हे खरं. पण ती बघून पळणारी कुत्री आहेत. लांब सशाची हालचाल दिसली की सुटायचं, थोडा वेळ वाऱ्यासारखं पळायचं आणि थांबायचं. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, छाती खोल आणि कंबर बारीक. तासभर एका लयीत ओढत राहणं त्यांच्या बांध्यातच नाही. पट्टा घासून दोन दिवसांत कातडी सोलेल. आणि सहा कारवानी एका दोराला बांधून समोरून ससा गेला, तर पाहुणा, गाडी आणि तू तिघंही नाल्यात सापडाल. माळेगावच्या जत्रेत ही कुत्री बघ, मालकाच्या शेजारी कशी डौलात उभी असतात. खंडोबाच्या पायाशीही कुत्रं असतं, पण त्यानं देवाची पालखी ओढल्याचं कुणी ऐकलं नाही. एक जोडी पाळ हवी तर, घरची म्हणून. पहाटे फिरायला निघालेल्या पाहुण्याबरोबर ती चालली तर पाहुणा खूश होईल आणि तीही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आणि पट्ट्यात.

मग करू काय, असं तू विचारशील. मला दोन रस्ते दिसतात.

कुत्र्यांचंच वेड असेल, पाहुण्यांच्या धंद्याचं नव्हे, तर परत जा. पण या वेळी हिवाळ्याची नोकरी मागू नकोस, उन्हाळ्याची माग. पाहुणे नसताना शंभर कुत्र्यांचं वाडगं कसं चालतं ते बघ, आणि मालकाला तोंडावर विचार की निवृत्त कुत्री कुठं आहेत. जो तुला हात धरून ती दाखवायला नेईल त्याच्याकडं राहा. पुढं हिमालयात बर्फाच्या गावात असं काही उभं करायचं डोक्यात आलं, तर तेव्हा बोलू. ते इथल्याएवढं अशक्य नाही.

आणि गावातच राहायचं असेल, तर तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तुला परत करतो. तू लिहिलंयस: 'पाहुणे फेरीपेक्षा आधीच्या आणि नंतरच्या वेळेबद्दल जास्त बोलायचे. एका आजीबाईंनी कुत्र्याला सूप पाजलं आणि रडल्या.' म्हणजे लोक वेगाचे पैसे देत नव्हते. कुणीतरी जनावराजवळ कसं उभं राहायचं हे शिकवलं, हातात काम दिलं, आणि मग थोडं फिरवून आणलं, याचे देत होते. हे तुला येतं. आपल्याकडच्या शेकडो कृषी पर्यटनवाल्यांना येत नाही. ते पाहुण्याला बैलगाडीत कोंबतात, डीजे लावतात आणि जेवायला बसवतात.

तुझ्या पत्रात ओझरतं आलंय की आबांची खोंडांची जोडी आहे आणि जुनी गाडी शेडमागं पडून आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हुरड्याचा हंगाम, म्हणजे हस्कीसाठी वर धरलेले दोन महिने यातच आले. पहाटे पाहुण्यांना आधी गोठ्यात ने. स्लेजवर बसवण्याआधी तिथं जसं दहा मिनिटं समजावून सांगायचास, तसंच सांग: बैलाच्या मागून जायचं नाही, बाजूनं यायचं, आवाज देऊन. पेंड त्यांच्या हातानं खाऊ घालू दे. मग आबांनी गाडी जुंपायची आणि शिवारातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं. गाडीत चारच माणसं, पाचवा आला तरी नाही म्हणायचं. परत आल्यावर आगटीत भाजलेला हुरडा, खोबऱ्या-लसणाची चटणी, गूळ. राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून घे. या धंद्यात पाहुणे आले नाहीत तरी बैल बेकार बसत नाहीत. त्यांना वावरात काम आहे, आणि त्यांचा कडबा आबा तुझ्या जन्माआधीपासून साठवतायत.

गाडी पडून आहे म्हणालास म्हणून सांगतो, बसण्याआधी चाकं सुताराला दाखव. लाकूड वाळून आकसलं असेल, धावा (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या) सैल झाल्या असतील. आणि हे काम आबांना न विचारता करू नकोस.

पुण्याला फोन आजच लाव. नुसतं नको म्हणून ठेवू नकोस. सहाही कुत्र्यांची आधी नसबंदी करा, लसी पूर्ण करा, एकेक करून थंड हवेच्या गावातली घरं शोधा, आणि दुसऱ्या कुणी फार्महाउसवाल्यानं सहाच्या सहा मागितली तर देऊ नका, असं त्यांना सांग. ते माझं ऐकायचे नाहीत. तू दोन हिवाळे ती कुत्री हाताळलीयस, तुझं ऐकतील.